कौतुक पुरे, साउंड चेक द्या

किनाऱ्यावरच्या समस्त पर्यटन महोत्सव समित्यांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि स्टेजवर नावाची खुर्ची असलेले बाकीचे मान्यवर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी साउंडवाला. माझा चेहरा तुमच्यातल्या बहुतेकांना आठवणार नाही, कारण मी मंडपाच्या शेवटी, ताडपत्रीखाली, मिक्सरमागे असतो. आवाज मात्र ओळखाल. 'हॅलो, चेक, वन टू, वन टू' म्हणणारा तो मीच. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत पंचवीसेक वर्षं मी दशावतार, डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना), ऑर्केस्ट्रा, प्रचारसभा आणि आमदारांचे वाढदिवस लोकांना ऐकवत आलोय. काही नको तितकेही ऐकवले. तो दोष माझा नव्हे, 'अजून वाढव रे' म्हणणाऱ्यांचा.

पत्राला कारण घडलं गेल्या डिसेंबरात. समिती कुठली ते लिहीत नाही. ज्यांचं त्यांना कळेल, आणि बाकीच्यांनीही हसू नये, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते. चार मुलींचा रॉक बँड होता. ड्रमवरची कुडाळकडची, बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वेंगुर्ल्याची, गिटार आणि गाणं मालवणच्या दोघींचं. पोस्टरवर त्यांची जागा 'खास महिलांसाठी' या चौकटीत, पाककला स्पर्धा आणि खेळ पैठणीचा यांच्या मधोमध. वेळ दुपारी साडेचार. स्टेजचं तोंड पश्चिमेला, म्हणजे ऊन थेट डोळ्यांत. साउंड चेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी वाद्यं आणि माईक लावून आवाज जुळवायला, त्यांना सात मिनिटं मिळाली. घड्याळ लावून मोजली मी. तेवढ्यात तुमचा एक स्वयंसेवक तीनदा येऊन विचारून गेला, "झाला काय गो तुमचा?"

मग निवेदकाने माईक घेतला. "आता येतायत आपल्या लाडक्या लेकी! बघा हं, मुली असूनही गिटार वाजवतात!"

ते 'असूनही' माझ्या कानात अजून वाजतंय.

चौथं गाणं संपलं आणि एक पाहुणे आले. कार्यक्रम थांबला, सत्कार सुरू झाला. वीस मिनिटं गेली. मुली ऊन अडवायला डोळ्यांवर हात धरून उभ्या. बासवाली फडक्याने तारा पुसत होती, कारण आपल्या खाऱ्या वाऱ्यावर तार दोन दिवसांत गंजते, हे तिला ठाऊक आहे. सत्कार आटोपल्यावर सचिवांनी मला लांबूनच हाताने 'कट' सांगितलं. पाककलेच्या परीक्षक येऊन बसल्या होत्या. दोन गाणी राहिली. त्यातलं एक त्या मुलींचं स्वतःचं होतं, मालवणीत.

रात्री साडेआठला मोठा ऑर्केस्ट्रा. त्यातले अर्धे कलाकार ट्रॅकवर होते, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या आवाजावर नुसता अभिनय. तुम्हाला समोर बसून कळलं नसेल, पण मिक्सर खोटं बोलत नाही. गिटारच्या चॅनेलवर सिग्नलचा एक दिवा लागत नव्हता आणि गिटारवाला मात्र कमरेत वाकून तारा तोडतोय असा आव आणत होता. त्याला लाइट, धूर, रंगीत कागदाचा पाऊस, सगळं मिळालं.

मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. त्या दिवशी दुपारी बासची बॅग पाठीला लावून ती मुलगी मिक्सरजवळ आली, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "बास वाजवणारो खय आसा?" ती म्हणाली, "मीच वाजवतंय." मी ओशाळून केबल शोधायला लागलो. पाच मिनिटांनी तीच परत आली. "काका, हम येतोय, घुंई असा आवाज. तुमचं अर्थिंग लूज आहे." होतं. जनरेटरकडची पिन सैल होती. माझी दोन पोरं सकाळपासून तिथे उभी होती, पण ते ऐकलं तिने.

त्याच दिवशी माझ्या हाताची एक वाईट सवय मला सापडली. बाईचा आवाज चॅनेलवर आला की साउंडवाल्याचा हात आपोआप दोन बटणांकडे जातो. खालचा भरदार भाग कापायचा, वर चकाकी द्यायची, आणि वरून इको. लताबाई-आशाबाईंची गाणी ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या मुलींसाठी आम्ही हे शिकलो आणि मग तेच सगळ्यांना लावत सुटलो. 'गोड' वाटतं. रॉक गाणारीला ते मारतं. तिचा घोगरेपणा, घशातली खरखर, खालचा दम हेच तर गाणं आहे. अमेरिकेची रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन, तिच्या आवाजातली ती खालची माती कापून वर इको चढवला, तर हाती काय राहील? १९६७ साली कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या महोत्सवात ती गायली तेव्हा लोक गप्प झाले ते गोडव्यामुळे नव्हे. म्हणून मालवणच्या त्या गाणाऱ्या मुलीचा दुसरा अंतरा आला तेव्हा मी इको बंद केला, कापलेलं परत दिलं. मागच्या रांगेत कुल्फी खाणारे दोघे थांबून स्टेजकडे बघायला लागले.

बायकांच्या रॉक गाण्याची ओळख मला गणपतीत झाली. १९९६ साली मुंबईहून आलेला आतेभाऊ एक कॅसेट विसरून गेला. आयर्लंडच्या लिमरिकची डोलोरेस ओ'रिऑर्डन, बँड क्रॅनबेरीज. तेव्हा मी धंद्यात पडलो नव्हतो, पण शेजारच्या साउंडवाल्याचे भोंगे आमच्या पडवीत ठेवलेले असायचे. लावली कॅसेट त्यावर. बाई आवाज मधेच तोडते आणि तुटलेला तुकडा वर फेकते. आई चुलीकडून ओरडली, "कोणाचा चेडू रडता रे ता?" मला इंग्रजी फार कळत नव्हतं. पुष्कळ वर्षांनी समजलं की १९९३ च्या मार्चमध्ये इंग्लंडातल्या वॉरिंग्टन गावी बॉम्ब फुटून दोन मुलगे गेले, एक तीन वर्षांचा, दुसरा बारा. त्यावर तिने 'झॉम्बी' लिहिलं, शब्द आणि चाल दोन्ही तिचीच. आईला जाऊन सांगितलं. ती भाजी निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, "मगे रडतला नाय तर काय करतला?" रॉक संगीतावरची इतकी नेमकी समीक्षा मी पुढे कुठे वाचली नाही.

तुमच्यातल्या एका खजिनदारांनी मला चहा पिताना ऐकवलं की रॉक हा मुळात पुरुषांचा प्रकार, बायका त्यात मागून आल्या. साहेब, तुम्ही वयाने मोठे म्हणून तेव्हा गप्प बसलो. आता लिहितो.

१९६४ चा मे महिना. मँचेस्टरमधलं एक बंद पडलेलं रेल्वे स्टेशन. ग्रॅनाडा टीव्हीवाल्यांनी तिथे कार्यक्रम लावला. वाजवणारे एका फलाटावर, ऐकणारे समोरच्या, मधे रूळ. आपल्या कोकण रेल्वेच्या एखाद्या स्टेशनावर जुलैत असं करायचं म्हटलं तर तुम्ही परवानगीच्या अर्जालाच घाबराल. पाऊस पडून गेलेला. घोडागाडीतून एक बाई उतरते, अंगात मोठा कोट, वय एकोणपन्नास. गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवते आणि पावसाचंच गाणं सुरू करते. अमेरिकेची सिस्टर रोझेटा थार्प. चर्चमध्ये वाढलेली, देवाची गाणी गाणारी. मधे गिटारचा एक तुकडा वाजवते तो बघा. चित्रफीत आहे, कोणालाही सापडेल. मी ती पन्नासदा पाहिली असेल आणि दर वेळी पोटात गोळा येतो. ओला फलाट, विजेची गिटार, अर्थिंग कोणी बघितलं होतं?

ही बाई चाळीसच्या दशकातच विजेच्या गिटारवर ते वाजवत होती, ज्याला पुढे रॉक अँड रोल नाव पडलं. १९४७ साली अमेरिकेतल्या मेकन शहरात तिने एका पोरसवदा मुलाला आपल्या कार्यक्रमाआधी गायला लावलं आणि वर त्याला पैसेही दिले. त्याचं नाव लिटल रिचर्ड, पुढे रॉक अँड रोलचा मोठा तारा. १९८६ मध्ये अमेरिकेत रॉकच्या हॉल ऑफ फेममध्ये कलाकारांची पहिली तुकडी घेतली, तेव्हा त्या यादीत लिटल रिचर्ड होता. यादीत बाई एकही नव्हती. पहिली बाई पुढच्या वर्षी, अरेथा फ्रँकलिन. रोझेटाला आत घ्यायला २०१८ उजाडलं. ती १९७३ मध्येच गेली होती. तेव्हा बायका मागून आल्या हे खरंच आहे खजिनदार साहेब, पण यादीत.

बिग मामा थॉर्नटन या गायिकेचंही तसंच. 'हाउंड डॉग' तिने १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित केलं, पुढच्या वर्षी ते बाहेर आलं आणि गाजलं. एल्व्हिस प्रेस्लीने ते गायलं १९५६ मध्ये, आणि आज विचाराल त्याला ते एल्व्हिसचंच वाटतं. ही बाई ड्रम वाजवायची, माउथ ऑर्गन वाजवायची. माँटेरेला जॅनिसने लोकांना गप्प केलं तेही याच मामाच्या गाण्याने. हॉलमध्ये मामाचं नाव लागलं २०२४ साली.

आणि बास. बास म्हणजे काय हे आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा. घर बांधताना पायातला जांभ्याचा चिरा कोणी बघायला येत नाही. लोक रंग बघतात. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत बासवाला आलाच नाही, म्हणून गिटार वाजवणाऱ्या कॅरल के हिच्या हातात बास दिला. त्यानंतर हजारो ध्वनिमुद्रणांत तिचा बास आहे, बीच बॉइज या अमेरिकन बँडची नावाजलेली गाणी धरून. रेकॉर्डच्या वेष्टणावर तेव्हा असल्या वादकांची नावं छापायचा रिवाजच नव्हता. पण तिने नुसतं वाजवलं नाही, बास शिकायची पुस्तकंही लिहिली. डेट्रॉइटची सूझी क्वाट्रो बास गळ्यात घालून स्वतःच पुढे उभी राहिली, १९७३ मध्ये इंग्लंडात पहिल्या नंबरवर गेली. पुढे गाजलेली रॉक गिटारवाली जोन जेट तिच्याकडेच बघून पेटली. फॅनी नावाचा एक बँड होता, फिलिपाइन्सहून अमेरिकेत आलेल्या दोन बहिणींचा, जून आणि जीन मिलिंग्टन. १९७० मध्ये मोठ्या कंपनीकडून अख्खी रेकॉर्ड काढली, चारही वादक बायका. वेल्व्हेट अंडरग्राउंड या अमेरिकन बँडची मो टकर उभी राहून ड्रम वाजवायची, झांजा जवळपास नाहीतच. हे वाचून आमच्या एका ढोलवाल्याने विचारलं, "मगे ता आमच्यासारख्याच की?" होय बाबा, तुझ्यासारखंच.

'आपल्या लोकांना असलं चालत नाही' हा तुमचा दुसरा मुद्दा. कुठल्या लोकांना? मालवणच्या बंदरावर सकाळी मासळीचा लिलाव बघा. तिथे जो आवाज चालतो तो कुठल्याही भोंग्याशिवाय तीनशे माणसांच्या डोक्यावरून जातो आणि तो बाईचा असतो. गौरीच्या रात्री फुगडीचा ठेका धरलेल्या बायकांच्या पायांखाली जमीन हलते. मी एकदा हौसेने खाली माईक ठेवून ऐकला होता, पायाने वाजवायच्या कुठल्याही किक ड्रमच्या तोंडात मारेल असा. डबलबारीत आता बायका बुवा म्हणून उभ्या राहतात आणि समोरच्या बुवाला फुटकळ कोटीही माफ करत नाहीत. कुडाळकडची ती ड्रमवाली आजोबांच्या भजनी मंडळात पखवाज वाजवत मोठी झाली. तिचा डावा हात ऐका. मुख्य ठोक्यांच्या मधे जे बारीक बारीक बोल ती भरते, ते कुठल्या अमेरिकन क्लासमध्ये शिकलेली नाही. चक्रीच्या तयारीला बुवा श्वास घेतो ना, तेवढ्या जागेत बसणारे बोल आहेत ते.

आणि बांद्याच्या पलीकडे, गोव्यातल्या केरी गावच्या शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर. १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर अवकाशयानांवर जी सोनेरी तबकडी चढवली, तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे. त्याच तबकडीवर चक बेरीचं रॉक अँड रोलही आहे. दोघं आज ताऱ्यांमधल्या अवकाशात एकाच ताटात बसून आहेत, आणि आपल्या मंडपात मात्र बाईला पाककलेशेजारी बसवायचं.

कोणी म्हणेल, धर्म आडवा येतो, समाज आडवा येतो. इंडोनेशियात पश्चिम जावामधल्या गारुत भागातल्या तीन मुलींनी २०१४ मध्ये शाळेत असताना मेटल बँड काढला, व्हॉइस ऑफ बाचेप्रोत. तिघी डोक्यावर हिजाब घेऊन वाजवतात. घरच्यांपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा विरोध सोसून २०२४ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या. आपल्या देशात १९६९ पासून उषा उथुप कांजीवरम नेसून, टिकली लावून नाइट क्लबात गात आल्या. शिलाँगच्या तिप्रिती खारबांगरने सोलमेट बँडबरोबर गायलेले ब्लूज (रॉकची आई म्हणा) ऐकाल तर जागचे उठणार नाही. मुंबईच्या मोहिनी डेने रहमानच्या मंचावर बास वाजवलाय. आणि श्रीनगरच्या तीन शाळकरी मुलींचा प्रगाश होता. २०१२ च्या डिसेंबरात स्पर्धेत वाजवून बक्षीस मिळवलं, फेब्रुवारीपर्यंत धमक्या आणि फतवा येऊन बँड संपला. तेव्हा आपण इथे चहाच्या टपरीवर बसून हळहळलो होतो, 'काय हे' म्हणत. आपल्याकडे फतवा नाही. आपल्याकडे साडेचारची वेळ आहे.

आता मागण्या. मोठ्या नाहीत, माझ्या गोडाऊनमधल्या सामानात आणि तुमच्या बजेटात बसतात.

मुलींच्या बँडला रात्रीची वेळ द्या. आठ ते सव्वानऊ चालेल. दहाला लाउडस्पीकर बंद हा नियम मला तुमच्याहून जास्त पाठ आहे, पोलीस आधी माझ्याकडे येतात. वर्षातून पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, ती तुम्ही ऑर्केस्ट्रासाठी बरोबर मागून आणता. एखादी रात्र यांच्यासाठी वापरा. दुपारी अडीचला तासभर साउंड चेक, स्टेजवर स्वयंसेवक नको. त्या तासाचे पैसे मी लावणार नाही, हे इथेच लिहून देतो. स्टेजमागे आतून कडी लागेल अशी खोली आणि बाईमाणसाला जाता येईल असा संडास. किनाऱ्यावरच्या किती महोत्सवांत तो असतो, ते आपापल्या मनाला विचारा. गेल्या वर्षी त्या चौघी शेजारच्या हॉटेलात जाऊन चहा मागवायच्या, म्हणजे तिथे जाता यावं. साउंड चेक सात मिनिटांत उरकण्याचं ते एक कारण होतं.

'महिला विशेष' लिहू नका. बँडचं नाव लिहा. निवेदकाला सांगा की कोण काय वाजवतं ते वाचून ये, आणि कपड्यांवर, गोडपणावर, लेकीबाळींवर बोलू नकोस. चुकीचं वाजवलं तर चुकीचं म्हणा. मला तर वाटतं, दुसऱ्या गाण्यात गिटार जरा घाईत होती. हे मी तिला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "होय काका, मॉनिटरमध्ये ड्रम ऐकूच येत नव्हता." मॉनिटर म्हणजे वादकांना आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेला स्पीकर. म्हणजे चूक परत माझ्याच चॅनेलवर आली. पण बघा, एवढं बोलणं झालं ते वाजवण्याबद्दल झालं. त्या दिवसात तिच्याशी असं बोलणारा मी एकटाच होतो, असं तिनेच सांगितलं.

सत्कार मधे घुसवू नका. पाहुण्यांना आधी आणा, नंतर आणा, नाहीतर खाली बसवा. डोलोरेस गात असती तर तिला अर्ध्यावर थांबवून शाल घातली असती का तुम्ही? (घातली असती. मला माहीत आहे तुम्हाला.)

त्या मुलींच्या चारही चॅनेलचं सेटिंग मी पेन ड्राइव्हवर जपून ठेवलंय. इको शून्यावर आहे. तुमची तारीख ठरली की फोन करा.

आपला,
मिक्सरमागचा

ता. क. गेल्या वर्षीच्या बिलातले जनरेटरच्या डिझेलचे पैसे अजून आलेले नाहीत. ते सावकाश द्या. आधी त्या चौघींचं मानधन द्या. त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला, सन्मानचिन्हही मिळालं. पाकीट मिळालेलं नाही, आणि सन्मानचिन्हावर बँडचं नाव चुकलेलं आहे.